ब्युरेटपुढची उंच खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. कॉलेजच्या रसायन विभागाबाहेरच्या बोळात मी असते. माझ्यावर पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवला आहे. त्याची तोटी गळते, म्हणून माझी बैठक एका बाजूने फुगली आहे. खुर्चीसाठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात, असे शिक्षकांच्या बोलण्यात मी ऐकते. माझ्या बाबतीत माणसांनी खुर्चीचेच पाय कापले.

मला एका मुलीसाठी बनवले होते. लहानपणच्या तापात तिचा उजवा पाय लुळा पडला होता. पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, बांधून आणि काखेत कुबडी घेऊन ती चालायची. विज्ञानाची तिला भारी ओढ, म्हणून तिने रसायनशास्त्र घेतले. पण प्रयोगशाळेतली टेबले उभ्याने काम करण्यासाठी असतात. ती उभी राहिली तर एक हात कुबडीला आणि दुसरा टेबलाला. प्रयोगाला तिसरा हात कुठून आणणार? ती स्टुलावर बसून प्रयोग करू लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ब्युरेट ही काचेची लांब, उभी नळी. तिच्यातून द्रव थेंब थेंब सोडायचा आणि किती उतरला ते नळीवरच्या रेघांवरून वाचायचे; शून्य वर असते आणि आकडे खाली वाढत जातात. डोळा द्रवाच्या पातळीसमोर असला तरच वाचन बरोबर येते. खालून पाहिले की आकडा असतो त्याहून मोठा दिसतो, आणि पातळी जितकी वर तितकी चूक जास्त. सुरुवातीला पातळी वर असते, शेवटी खाली येते. त्यामुळे शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा केला की तिचे उत्तर कमी यायचे.

सर म्हणाले, "तुझा हात स्थिर नाही. हे तुला झेपायचं नाही, बाळ. भाषा घे. बसून शिकता येईल."

"सर, हात थरथरत असता तर उत्तर कधी कमी आलं असतं, कधी जास्त. माझं नेहमी कमीच येतं."

सरांनी चष्मा पुसला. "मग काय चुकतंय?"

"डोळा पातळीच्या खाली राहतोय. माझी उंची कमी पडते."

"ती मी कुठून आणू? परीक्षेपर्यंत जमलं तर बघ. नाहीतर विषय बदल."

तिचा मामा सुतार होता. त्याने तिला घरी बसवले, डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि तिथून खाली मापे घेतली. एका जुन्या दाराची चौकट त्याच्याकडे पडून होती. तिला रंधा मारून त्याने मला घडवले. मी कलंडू नये म्हणून माझे पाय जरा फाकवून बसवले. पाय टेकायला मध्ये रुंद पायरी केली, आणि कडेला कुबडी अडकवायला खुंटी.

"मामा, एवढी उंच? मी काय झाडावर बसणार आहे?"

"चिमणी ना तू? मग बस की."

आईचा जीव खालीवर होत होता. "आणि पडली म्हणजे?"

"ताई, खुर्चीला दोन्हीकडून हात केलेत. तू आधी पोरीला पोटभर जेवायला घाल. पडायला तरी अंगात वजन हवं."

प्रयोगशाळेत मला आणले तेव्हा वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा, त्याला लंबूच म्हणायचे, मोठ्याने ओरडला, "बाजूला व्हा. महाराणींचं सिंहासन आलं."

"तुला फुकट मिळालेली उंची मला करून घ्यावी लागली रे लंबू," ती म्हणाली. तो हसला. पुढे पाय दुखले की तोच "थोडा वेळ बसू दे गं" म्हणून तिच्या मागे लागायचा.

माझ्यावर चढणे सोपे नव्हते. कॅलिपर पायरीवर आपटायचे, तळहात सोलवटायचे, आणि एकदा तर ती फरशीवर आडवी झाली. बाकीचे यायच्या आधी येऊन ती चढण्या-उतरण्याचा सराव करायची. पण एकदा वर बसली की डोळा बरोबर रेघेवर. शेवटच्या थेंबाने बिनरंगी द्रव फिकट गुलाबी होऊन तसाच टिकला, की ती श्वास सोडायची. तो श्वास मला माझ्या पाठीवर कळायचा. तिचे उत्तर बरोबर येऊ लागले. सर दुसऱ्यांना तिची वही दाखवू लागले.

ती परीक्षेत पहिली आली. वर्तमानपत्रात फोटो आला, 'जिद्दीपुढे अपंगत्व हरले' असा मथळा होता. फोटोत मी नव्हते. माझ्या वरचा भाग तेवढा त्यांनी घेतला होता.

जाताना ती प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांना म्हणाली, "काका, ही इथंच राहू द्या. माझ्यामागून कुणीतरी येईलच."

मी वाट पाहत राहिले. मधल्या काळात माझ्यावर उभे राहून लोकांनी पंखे पुसले, भिंती रंगवल्या, माझ्या खुंटीला पिशव्या अडकवल्या. पुढे लंबू शिकून त्याच कॉलेजात आला आणि विभागप्रमुख झाला. तपासणीची समिती येणार होती, तेव्हा त्याने मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "ही काय उंटासारखी मधेच? कापून सरळ करा. फळ्यापाशी बसायला होईल."

"साहेब, ती बाईंची आहे," काका म्हणाले.

"अहो, ती आता थोडीच येणार आहे प्रयोग करायला."

करवत चालली. पायांबरोबर पायरीही गेली.

त्यानंतर एक मुलगी आली, दोन कुबड्या घेऊन. ती स्टुलावर बसायची आणि तिचे उत्तर नेहमी कमी यायचे. लंबू सर तिला म्हणाले, "हात स्थिर ठेव. आमच्या वर्गात तुझ्यासारखीच एक होती. कुठल्या कुठं गेली. जिद्द लागते."

मुलीने मान हलवली. मग हळूच विचारले, "सर, त्या कशावर बसायच्या?"

"बसायची कसली? झगडायची."

मी फळ्यापाशी होते. माझ्यावर सरांचा कोट होता. त्या मुलीने विषय बदलला.

पुढच्याच महिन्यात कॉलेजने 'जिद्द' या विषयावर कार्यक्रम ठेवला. पाहुणी म्हणून माझीच मुलगी आली. आता ती पाणी तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. केसांत पांढरे आले होते, कॅलिपर तसेच होते. ती आधी विभागात आली. खुंटीवरून तिने मला ओळखले, आणि तिची नजर माझ्या पायांकडे गेली.

"लंबू, ही कुणी कापली?"

"अगं, समिती येणार होती. सगळं एकसारखं दिसायला हवं होतं." तो ओशाळून हसला.

काकांनी तिला त्या मुलीचे सांगितले. तिने मला व्यासपीठावर न्यायला सांगितले. व्यासपीठाला पायऱ्याच होत्या. चौघांनी तिला उचलून वर नेले आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मग ती उभ्याने बोलायच्या उंच टेबलामागे माझ्यावर बसली. समोरून तिच्या कपाळाचा वरचा भाग तेवढा दिसत होता. मुले खुसखुसली.

"मी दिसत नाही ना?" माइकमधून तिचा आवाज आला. "तुमच्या त्या मुलीलाही ब्युरेट असंच दिसत नव्हतं. मी स्टुलावर बसत होते तेव्हाही माझी जिद्द एवढीच होती. मग मला उंच खुर्ची मिळाली. तिच्या वाटची तुम्ही कापलीत."

मग प्राचार्य उठले. "किती हा नम्रपणा. मुलांनो, याला म्हणतात जिद्द." सभागृहभर टाळ्या झाल्या. तिच्या मुठी माझ्या हातांवर आवळलेल्या होत्या.

परतताना ती त्या मुलीच्या घरी गेली, असे काकांनी नंतर सांगितले. नवी खुर्ची करून देते म्हणाली. मुलीची आई दारातच म्हणाली, "आता तिचं मन लागलंय नव्या विषयात. पुन्हा तिच्या डोक्यात घालू नका, बाई." मुलगी आतच होती. ती बाहेर आली नाही.

मित्रांनो, त्या कार्यक्रमानंतर मला बोळात पिंपाखाली ठेवले. माझे पाय आता कुणी जोडून देणार नाही, आणि दिले तरी ती मुलगी परत येणार नाही. पण तुमच्या वर्गात कुणी कुबडी घेऊन येईल, कुणाला फळा दिसत नसेल, कुणाला ऐकू येत नसेल. त्याच्या जिद्दीचे कौतुक करायला नंतर वेळ मिळेल. आधी, तो बसणार कशावर, हे विचारा.