सरव्याचं बी

गंजावरचं झाकण उचललं आणि भाताच्या वासानं अख्खा मांडव भरला, तशी गिरजाबाई हातात पाण्याची चरवी घेऊन उभी राहिली ती राहिलीच.

तिच्या नवऱ्याच्या, रामाजीच्या मरणानंतरच्या जलदान विधीचं जेवण होतं. पंचशील घेऊन झालं होतं आणि पंगत बसली होती. तांदूळ सिंदेवाहीच्या बाजारातून आणायचं ठरलं होतं. एकुलत्या मुलानं, राजदीपनं, तसा शब्द दिला होता. पण बाजारच्या तांदळाला असा वास कुठला?

"गिरजाबाई, भात कायचा हाय वं? घमघम सुटली ना!" शेजारची कमळा म्हणाली.

गिरजाबाई चरवी तिथंच ठेवून घरात गेली. मागच्या खोलीतल्या ढोलीत, शेणानं लिंपलेल्या त्या बांबूच्या कणगीत, तिनं हात घातला. हात थेट तळाला लागला. बोटांना लागली ती धूळ आणि थोडा कोंडा.

ते खायचं धान नव्हतं. ते बी होतं.

रामाजीचा बाप, लटारू, गावच्या पाटलाकडे सालदार होता. पाटलाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, हे बारीक, वासाचं धान पिकायचं; सालदाराच्या वाट्याला मात्र जाडंभरडं. मालकाच्या भाताचा वास घ्यायला काही कोणाची परवानगी लागत नव्हती, तेवढाच काय तो लटारूनं खाल्ला. कापणीनंतर बांधीत गळून पडलेल्या लोंब्या वेचायला बायांना मुभा असे. त्याला सरवा म्हणतात. लटारूच्या बायकोनं त्या सरव्यातल्या वासाच्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षं मडक्यात जपल्या. पुढे जंगलालगतच्या दगडाळ पडीत जमिनीचा पट्टा लटारूला मिळाला, तेव्हा गाव हसलं. नवराबायकोनं दगड उपसले, बांधांचे धुरे घातले, बांध्या केल्या. आणि पहिल्या बांधीत हेच बी टाकलं.

सासूनं मरताना ती ढोली सुनेच्या हवाली केली. रामाजीही बापासारखाच हेकट. नव्या बियाण्याचं कौतुक मान डोलवून ऐकायचा आणि घरी येऊन आपलंच खरं करायचा. बाकीच्या बांध्यांत त्यानं नवं धान लावलं, पण जंगलाकडची बांधी या धानाचीच. गावात बाकी सगळ्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. मागच्या हंगामात त्या बांधीच्या धुऱ्यावर वाघ बसायला लागला. धानाची रोपं रोवायला एकही बाई यायला तयार होईना. "एक साल पडीत राहू दे," रामाजी म्हणाला, "बी ढोलीत हाय ना." धानाचं बी एखादं वर्ष धीर धरतं, जास्त नाही. येत्या मिरगाला ते जमिनीत जायलाच हवं होतं. त्याआधी रामाजीच गेला.

गिरजाबाई तरातरा परसात आली. राजदीप चुलीतली लाकडं मागं ओढत होता. या पोराच्या टाळक्यात एक हाणावी, असं तिला वाटलं.

"ढोलीतलं धान तू काढलं का रे?"

"हो, आई. तू झोपली होती, म्हणून मीच मिलवर नेऊन भरडून आणलं." धुरानं की कशानं, त्याचे डोळे लाल झाले होते. "मी डेपोत गाड्या दुरुस्त करत राह्यलो, इथी बाबा खाटेवर. एक दिवस त्याच्या बांधीत पाय टाकला नाई मी. म्हटलं, त्याच्या नावाचा शेवटचा घास तरी त्याच्याच धानाचा व्हावा. का झालं? चुकलं का?"

गिरजाबाईचे ओठ हलले. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकं तिला आता रडावंसं वाटलं. समोर मुलगा लहानपणी उभा राहायचा तसाच उभा होता, मार मिळेल की शाबासकी हे न कळून.

"नाई, बापा. चांगलं केलं तू. तुया बाबाले लय आवडलं असतं."

मग तिनं पदर खोचला, भाताची थाळी हातात घेतली आणि स्वतः वाढायला निघाली. लोक नको म्हणत हात आडवा धरत, तरी ती वाढत होती. पंगतीच्या टोकाला रामाजीचा म्हातारा सोबती मुखरू बसला होता. त्यानं घास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "बी राखलं ना वं?"

"जेवा, भाऊ. थंडं होते," ती म्हणाली. मुखरूनं तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि ताटाभोवती सांडलेली शितंसुद्धा वेचून खाल्ली.

पंगती उठल्या. पाहुणे पांगले. घरची माणसं जेवायला बसली, तेव्हा राजदीप कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

"आई, मी ठरवलं," तो म्हणाला. "मिरगाले सुट्टी टाकून येतो. दोन-चार जण सोबत घेऊ, वाघाले काय भ्यायचं! जंगलाकडच्या बांधीत हेच धान लावू. बाबाच्या नावानं. दर साली."

वाढायला थांबलेल्या कमळानं रिकामी ढोली पाहिली होती; तिनं दचकून गिरजाबाईकडे पाहिलं. गिरजाबाईनं गंज आपल्याकडे तिरपा करून घेतला.

"ये," ती म्हणाली आणि तळाशी उरलेला भात खरवडून तिनं त्याच्या ताटात वाढला.