उपासाचा टोप

मित्रांनो, मी एक जुना मातीचा टोप आहे, आता तुकडे जोडून उभा केलेला. कुंभाराने मला धुरात कोंडून भाजले, म्हणून मी करडा. झिलई काही दिली नाही. झिलईची भांडी मालकांच्या पंगतीला जात. मी युरोपात, बोहेमियातल्या एका डोंगरी किल्ल्याच्या मुदपाकखान्यात गेलो.

माझे काम ठरलेले होते. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात मांसाची भांडी कुलपात जात आणि मला खाली काढत. वाटाणे, कांदे, खारवलेले मासे; मासे त्या उपासाला चालत. मांस कधीच नाही. बिनझिलईची माती चरबी पिते आणि सहजी सोडत नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते. म्हणून माझे फार सोवळे. कौतुकही होई.

एका उपासात स्वयंपाकीण स्वातावाची लेक ब्लाझेना तापाने फणफणली. घास गिळेना. स्वातावाने मुदपाकखान्याच्या कारभाऱ्याकडे, हेर्मानकडे, मांसाच्या भांड्यांची किल्ली मागितली.

"पोरगी हातची जाईल हो! वाटीभर मटणाचं पाणी करते."

"म्हणजे उद्या सगळ्यांचीच पोरं आजारी पडायला मोकळी! चल, कामाला लाग."

दुपारी सगळे प्रार्थनेला गेले. तिने कुत्र्यांसाठी ठेवलेले मेंढीचे हाड घेतले आणि माझ्यातच उकळले. पोरीने दोनदा वाटी रिकामी केली. मग स्वातावा मला राखेने घासत बसली, बोटे सोलवटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वाटाण्यांवर चरबीचे थेंब तरंगले.

"अगं बये, अख्ख्या किल्ल्याचा उपास मोडलास!" हेर्मान ओरडला.

"मोडला तर मोडला. काल माझं लेकरू डोळे उघडून बोललं माझ्याशी."

त्याने मला संडासाच्या खड्ड्यात फेकले. तिला फाटकाबाहेर काढले. बर्फ पडत होता, पोर खांद्यावर होती. ती पोर जगली का, मला कळले नाही. मला वाईट वाटले असेल. आठवत नाही. शतके गेली.

मग उत्खननात मी निघालो. धुतले, चिकटवले, खरवडून तपासले.

"मेंढीची चरबी!" तपासणाऱ्या बाई खुशीत म्हणाल्या. "मांसाचंच भांडं हे."

काचेआडच्या पाटीवर तेच लिहिले आहे. पाटी चुकली, असे मी म्हणत नाही. वर्षानुवर्षे शिजलेल्या वाटाण्यांचे माझ्यात काहीच सापडले नाही. ब्लाझेनाची वाटी सापडली.

मित्रांनो, भांडी जरूर जपा. पण आधी आजारी माणूस जेवले का, ते बघा.