तळं उलटतं तो आठवडा

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरली ब्लँकेटांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेली होती. हंगाम संपला की तळ्याकाठची सगळी हॉटेलं आपली घाण एकदमच तिच्या लाँड्रीत आणून टाकत. पडदे, खोळी, गाद्यांची कव्हरं आणि त्यांवर पाहुण्यांनी मागे ठेवलेलं सगळं काही: अंगाला फासायचं तेल, चॉकलेट, केसांचा रंग, आणि ज्याला नाव न दिलेलं बरं. घरी हीच माणसं पाय पुसून आत येत असतील, पण हॉटेलात आली की बूट पुसायला उशीचा अभ्रा घ्यायची. पाहुणा म्हटला की थोरलीच्या कपाळावर आठी पडे, आणि सगळ्यांत मोठी आठी तिच्या सख्ख्या बहिणीसाठी राखून ठेवलेली होती.

"ताई, गोड बातमी आहे."

"या वयात?" थोरली म्हणाली.

धाकटी हसली नाही. तिच्या कंपनीने कायमचं घरून काम करा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे आता कुठेही राहता येणार होतं, आणि तिने निवडलं होतं हेच शहर. पाण्यासमोरच्या नव्या इमारतीत एक फ्लॅट भाड्याने मिळत होता. दोन खोल्या, मोठी गॅलरी. "एक खोली आईला. तुलाही जरा सुटका गं. किती वर्षं करतेयस एकटी."

सुटका! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडील गेल्यापासून आई तिच्याकडे होती. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत थोरलीने तिचे गुडघे शेकले, तिच्या गोळ्या सांभाळल्या, तिला आंघोळ घातली. नवरा गेल्यावर धंदाही तिच्याच गळ्यात पडला होता, तोही तिने ओढला. धाकटी येई उन्हाळ्यात, चार दिवस. उतरे हॉटेलात, कारण बहिणीच्या घरी म्हणे यंत्रांचा आवाज होतो. संध्याकाळी आईला बोटीतून फिरवी, आइस्क्रीम खाऊ घाले, फोटो काढी आणि निघून जाई. त्यानंतर वर्षभर जो भेटेल त्याला आई सांगे, "आमच्या बाळने मला बोटीत बसवलं." शेकाचं फडकं रोज कोण गरम करतं हे मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि आता हे बाळ इथेच राहायला येणार. आई गॅलरीत बसून पाणी बघणार आणि थोरली खाली दुसऱ्यांच्या चादरींवरचे डाग बघणार. राबली एक आणि आयत्या बिळावर नागोबा दुसरी. ते काही ती होऊ देणार नव्हती.

"बघायला कधी येऊ?" धाकटीने विचारलं.

इथे एक सांगायला हवं. पाहुण्यांच्या पत्रकांत ज्याला सरोवर म्हणतात, त्याला इथले लोक नुसतं तळं म्हणतात, आणि या तळ्याची एक खोड ते बाहेरच्यांना कधी सांगत नाहीत. थंडी सुरू होताना वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, आणि तळाशी वर्षभर जे कुजत पडलेलं असतं ते वर येतं. तळं उलटलं, असं म्हणतात. आठवडाभर, फार तर दहा दिवस, पाणी चहाच्या गाळासारखं दिसतं, काठाला मासे पोट वर करून लागतात, आणि वास असा सुटतो की जेवण ताटात राहतं. लोक तळ्याकडच्या खिडक्या लावून घेतात. थोरली त्या दिवसांत एकही कपडा गच्चीवर टाकत नाही, आतच दोऱ्या बांधते. मग एके सकाळी पाणी निवळतं आणि काही झालंच नाही असं सगळे वागायला लागतात. पाहुणे त्या दिवसांत येत नाहीत, कारण कुणी त्यांना बोलावत नाही.

थोरलीने खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन दिवसांपासून पहाटे चांगलंच गारठत होतं, आणि काठावर पहिला फेसही दिसायला लागला होता.

"पुढच्या आठवड्यात ये," ती म्हणाली. आवाजात तिने चांगली मूठभर साखर पेरली. "गर्दी नसते. नीट बघून घे."

पलीकडे आई मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या मोज्यांना लागली.

धाकटी आली ती टॅक्सीतून उतरतानाच नाकाला स्कार्फ लावून. "ताई, गटार फुटलंय का कुठे?"

"नाही गं. तळं आहे."

"हा तळ्याचा वास?"

"मग काय अत्तराचा असणार? चल, फ्लॅट बघून घेऊ."

आईलाही त्यांनी बरोबर घेतलं. फ्लॅट खरोखरच देखणा होता, ते थोरलीला मनातल्या मनात कबूल करावं लागलं आणि त्याचा तिला आणखी राग आला. गुळगुळीत फरशी, पांढऱ्या भिंती, आणि आईची म्हणून दाखवलेली खोली थोरलीच्या सबंध घराएवढी. एजंट म्हणजे टाय लावलेला एक घामट इसम. तो गॅलरीचं दार उघडायचं सोडून त्यांना स्वयंपाकघरच पुन्हा पुन्हा दाखवत होता. शेवटी थोरलीनेच पुढे होऊन दार सरकवलं.

वास आत शिरला. खाली तपकिरी पाणी होतं, त्यावर मेलेले मासे आणि माशांवर घोंघावणाऱ्या माश्या. धाकटी गॅलरीत दोन पावलं गेली, कठडा धरला आणि तशीच मागे फिरली. बाथरूममधून तिच्या ओकारीचा आवाज आला. थोरलीच्या जिवाला इतका गारवा वाटला की स्वतःचीच तिला क्षणभर भीती वाटली.

"मॅडम, हे चार-आठ दिवसांचंच असतं," एजंट बंद दाराला सांगत होता. "दर वर्षी होतं. नंतर अगदी आरशासारखं होतं पाणी. शप्पथ सांगतो."

बिचारा आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच खरं बोलत होता.

घरी परतल्यावर धाकटीने दुपारच्या जेवणाला हात लावला नाही. मोबाइलवर तिने तळ्याचे फोटो धुंडाळले, पण ते सगळे उन्हाळ्यातले, पाहुण्यांनी काढलेले. शेवटी तिने फोन पालथा ठेवला.

"ताई, खरं सांग. तो म्हणतो तसं असतं का? आठच दिवस?"

हा प्रश्न येणार हे थोरलीला ठाऊक होतं. तिने पाण्याचा घोट घेतला.

"एजंट आहे तो. दुसरं काय सांगणार?"

"म्हणजे कायम असं?"

"उन्हाळ्यात पाहुणे येतात म्हणून काहीतरी टाकतात पाण्यात. एरवी कोण विचारतंय आम्हाला. आम्हाला सवय झालीय. तुला जमेल का, ते तू बघ."

आता आई तोंड उघडणार, असं तिला वाटलं. आईच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. तिने इथे इतकी वर्षं काढली होती, दर वर्षी याच दिवसांत ती खिडकीच्या फटीत कापड कोंबून बसायची. पण आई मुकाट्याने भात कालवत राहिली. थोरलीला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा आपल्या बाजूने बसली होती. तिने न विचारता आईच्या ताटात आणखी भात वाढला, वर मऊसा तुकडा बघून भाजीही घातली.

सकाळी धाकटी हॉटेलातून आली ती ठरवूनच.

"एजंटला नाही म्हणून कळवलं. माझ्याच्याने नाही होणार इथे." थोरली सुटकेचा श्वास घेणार तोच ती पुढे म्हणाली, "आणि आईलाही या घाणीत ठेवायची नाही मी. तिला माझ्याकडे नेतेय. कायमची. काल संध्याकाळी हॉटेलवरून फोन केला होता तिला. ती हो म्हणालीय. मी टॅक्सी सांगून येते, तू तेवढे तिचे कपडे भर."

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

हात दाखवून अवलक्षण! थोरली कॉटवर बसली. धाकटीचं शहर म्हणजे रेल्वेने पुरा एक दिवस आणि एक रात्र. फ्लॅट होता दहा मिनिटांवर. तिने आईला दहा मिनिटांवर जाऊ द्यायचं नाही म्हणून इतका खटाटोप केला, आणि आता आई नकाशाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती. अजून वेळ गेलेली नव्हती. बहिणीला गाठायचं, खोटं बोलले म्हणून सांगायचं, एवढंच. नाक कापलं गेलं असतं. जाऊ दे नाक, असं तिला खरोखरच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"आई, मी तिला सांगते," ती उठत म्हणाली. "हे चार दिवसांत जाईल, फ्लॅट घे म्हणून सांगते. तू राहा तिच्याकडे. गॅलरीत बस. माझं काही म्हणणं नाही."

"सांगू नकोस," आई म्हणाली.

"अगं, मी मुद्दाम बोलावलं तिला या आठवड्यात."

"मला कळत नाही का? मी खाली तिथेच बसले होते, तू फोनवर बोललीस तेव्हा." आईने आपली शाल मांडीवर घेऊन घडी घालायला सुरुवात केली. "तेव्हाच म्हटलं, बरं झालं. फ्लॅट तिला आवडला असता तर मी अडकले असते."

"अडकले म्हणजे?"

"तुझ्यापासून दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी आली असतीस तू. काय खाल्लंस, कुणी वाढलं, आणि तू माझ्यासाठी काय काय केलंस ते ऐकवायला."

"मी तुझं सगळं केलं, आई. सगळं."

"केलंस. कोण नाही म्हणतंय? पण पाण्याचा पेला दिलास तरी तो उपकार म्हणून दिलास. गुडघा शेकताना धाकटीचा उद्धार, आंघोळ घालताना तुझ्या नशिबाचा. तुझ्या घरात मी घास गिळते ना, तो माफी मागत गिळते." आईचा आवाज जराही चढला नव्हता. "ती चार दिवस येते, खरं आहे. पण ते चार दिवस मी कुणाचं काही देणं लागत नाही."

"हे आधी नाही बोललीस कधी."

"बोलून जायचं कुठे होतं मला?"

थोरलीने कपाट उघडलं. आईचे कपडे तिने हॉटेलांच्या चादरींच्या घालते तशा काटेकोर घड्या घालून बॅगेत भरले, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकारे घडी घालायची हे तिच्या हातांना माहीत नव्हतं. मधेच एका ब्लाउजला तुटलेलं बटण दिसलं. ते लावावं म्हणून ती सुई शोधायला लागली, तर आई म्हणाली, "राहू दे, धाकटी लावेल." धाकटीला सुईत दोरा ओवता येत नाही, हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. बॅग जड होती. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आईचा दंड धरून थोरलीने तिला एकेक पायरी करत खाली आणलं, सीटवर बसवलं, पाय उचलून आत घेतले. धाकटी नाकावरचा स्कार्फ न काढताच बहिणीला बिलगली. यश मिळालं की माणसाला माया फुटतेच.

"ताई, तू पण ये ना गं आमच्याकडे. चांगली महिनाभर राहा. पाहुणी म्हणून."

थोरलीने आईकडे पाहिलं. खिडकीची काच अजून खाली होती. यावर आईने एकदा ये म्हणावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं.

आईनेही ते वाचलं.

"तिला कुठला वेळ मिळायला," ती धाकटीला म्हणाली. "चल, बस. गाडी चुकेल."