बाबा नेटचा वेग मोजतात

मोठीचा मागचा इंटरव्ह्यू नेटनं खाल्ला होता. पूल बांधणाऱ्या कंपनीचे तीन साहेब पडद्यावर, इकडे मोठी पाठ ताठ करून बसलेली, आणि तिसऱ्याच प्रश्नाला ती जी गोठली ती दोन मिनिटं तशीच. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. साहेबांना वाटलं, बाईंचा डोळा लागला. तरी कंपनीनं मोठ्या मनानं पुन्हा बोलावलं. गुरुवारी, दुपारी चार वाजता. यानंतर संधी मिळणार नाही, असंही खाली लिहिलं होतं.

बाबांनी प्रकरण हातात घेतलं.

पाणीखात्यात चौतीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचलेला माणूस तो. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. "आधी मोजायचं, मग बोलायचं," असं त्यांनी लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी आईला सुनावलं होतं, चहात साखर जास्त झाली म्हणून.

त्यांनी घरात नेटवर काय काय लटकलंय याची शिरगणती केली. माणसं चार, उपकरणं सतरा. फोन, टॅब, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आणि वजनकाटा.

"वजनकाट्याला नेट कशाला?"

"वजन फोनवर येतं, बाबा," धाकटा म्हणाला.

"का? पायाखाली आकडा दिसत नाही?"

"दिसतो ना. म्हणूनच आईनं त्यावर स्टिकर चिकटवलाय."

सतरापैकी अकरा उपकरणांवर बाबांनी वेग मोजणारं अ‍ॅप चढवलं. दर अर्ध्या तासानं सगळ्यांनी एकदम मोजायचं, आपोआप. कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून वर कुलूप घातलं. भिंतीवर तक्ता लागला. दुसऱ्या दिवशी बाबा आनंदानं ओरडले, "सापडलं! वेग नेमका अर्ध्या तासालाच पडतो. साडेदहा, अकरा, साडेअकरा! कुणीतरी घड्याळ लावून आपलं नेट ओढतंय."

संशय वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरवर गेला. तो जिन्यात बाबांना बघून नेहमी हसायचा, हा त्याचा गुन्हा. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून बाबांनी मोजणी पंधरा मिनिटांवर आणली. वेग आणखी पडला. मग पाच मिनिटांवर.

घर ठप्प झालं. टीव्हीवरची बाई रडायला लागली आणि अश्रू गालावर यायच्या आतच अडकून बसली. दारातला माणूस निघून गेल्यावर कॅमेऱ्यात यायचा. धाकटा म्हणाला, "गेममध्ये मी गोळी मंगळवारी झाडली. बुधवारी लागली. तीही मलाच."

"अहो, तुम्ही हात लावायच्या आधी बरं चाललं होतं," आई म्हणाली.

"अगं, आधी तुला कळत नव्हतं. आता आकडे आहेत!"

गुरुवारी तीन वाजता नेट कंपनीचा माणूस आला. मोठी इस्त्रीचा शर्ट घालून, नखं खात दारात उभी. नेटवाल्यानं लॅपटॉप जोडला, पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काका, तुम्ही काय करत होता नोकरीत?"

"पाण्याचे मीटर. का?"

"मग सांगा. पाणी किती येतं ते बघायला कुणी घरातले अकरा नळ एकदम सोडले तर?"

"गाढवच म्हणायचं त्याला. एकाही नळाला धार येणार ना..." बाबांचं तोंड उघडंच राहिलं. नेटचा यात काही दोष नव्हता.

"काढा ती अ‍ॅप्स," मोठी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता!"

बाबा कुलपाचा आकडा आठवायला लागले. स्वतःची जन्मतारीख झाली, लग्नाची झाली, पहिल्या पगाराची झाली. घड्याळात तीन चाळीस.

"राहू द्या," नेटवाला म्हणाला. "नेटचा पासवर्डच बदलतो. सगळे एकदम बाहेर. फक्त ताई आत."

क्षणात घरातली सतराच्या सतरा उपकरणं अनाथ झाली. कॅमेरा केकाटला, टीव्ही काळा पडला. नेटवाल्यानं नवा पासवर्ड मोठीच्या कानात सांगितला.

"मला?" बाबा म्हणाले.

"काका, मुलीचं भलं व्हावं असं वाटतं ना?"

चार वाजता दार बंद झालं. बाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते. वेग किती असेल? साठ? ऐंशी? हातात फोन, आणि मोजायची सोय नाही! आईनं शेवटी त्यांना खुर्चीत बसवलं आणि सोलायला लसूण दिला. आतून मोठीचा आवाज सलग येत होता, मध्येच हसणं. बाबांनी नऊ पाकळ्या सोललेल्या मोजल्या.

पाच वाजता दार उघडलं.

"झालं! घेतलं मला! सोमवारपासून!"

आईनं तिला मिठी मारली. धाकट्यानं शिट्टी वाजवली.

"रोज ऑफिसात जायचंय मात्र," मोठी म्हणाली. "बाकीच्यांना घरून चालतं, मला नाही."

"हा काय अन्याय?" बाबा खवळले.

"म्हणाले, तुमच्या घरच्या नेटचा आम्हाला अनुभव आहे."

बाबांनी सोललेला लसूण आईकडे सरकवला. मग घसा खाकरून, शक्य तितक्या सहजपणे म्हणाले, "बरं, मग आता तो पासवर्ड सांगायला काही हरकत नाही."

"सोमवारी," मोठी म्हणाली. "नोकरीचं पत्र हातात पडलं की."