शेकोटी विझवली का?

गाडी जंगलाचं फाटक मागे टाकून डांबरी रस्त्याला लागली, आणि म्हातारीच्या काळजात धस्स झालं. शेकोटी!

मागच्या सीटवर तंबूची पिशवी, उशा आणि पातेली यांच्या मधे ती अंग चोरून बसली होती. पुढे मुलगा गाडी चालवत होता, शेजारी सून पेंगत होती. तंबू गुंडाळायच्या गडबडीत मुलानं शेकोटीचं काम म्हातारीवर सोपवलं होतं. आणि आता तिला आपलेच हात लख्ख दिसत होते. काठीनं निखारे एका जागी ओढले, वर राख लोटली, तळहातानं अलगद दाबली. काम एकदम झकास. फक्त ते आग विझवायचं नव्हतं, विस्तव जपून ठेवायचं होतं.

आता तिचा तरी काय दोष म्हणा! उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेलेला. गल्लीत सगळे तिला भट्टीबाईच म्हणायचे, अजूनही म्हणतात. काम संपलं की निखारे राखेखाली दाबायचे, म्हणजे पहाटे नुसती फुंकर घातली की भट्टी पेटते. बेकरीचे मालक बदलले, भट्टीसुद्धा विजेवर गेली, पण हाताला लागलेलं वळण कुठं जातंय?

आणि फाटकावरच्या वनरक्षकानं येतानाच नेमकं हे बजावलं होतं. माणूस बोलायला गोड, पण नियम सांगायला लागला की मास्तर. "तंबू ओढ्यापासून लांब ठोका. खाणं तंबूत ठेवू नका, नाहीतर अस्वल येऊन पाहुणचार मागतं. ओली फांदी तोडायची नाही. शेकोटी दगडांच्या गोलातच. निघताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, मग राखेवर उलटा हात धरा. जरा जरी ऊब लागली तरी निघायचं नाही. आणि राख-माती लोटून पळ काढाल तर खबरदार! आग मुळांमुळांतून आत चालत जाते आणि भलतीकडेच वर येते." मुलगा नुसता हो हो म्हणत होता. म्हातारीनं मात्र शब्द न् शब्द ऐकला होता. आगीतलं तिला कळतं. कळून काय उपयोग झाला?

बाहेर वारा सुटला होता. रस्त्याकडेचं वाळकं गवत आडवं होत होतं. तिला शेजारचा तंबू आठवला. तान्हं बाळ घेऊन आलेलं जोडपं, दोरीवर वाळत घातलेली इवलीशी टोपडी. ती मंडळी अजून तिथेच राहणार होती.

सांगायला हवं होतं. गाडी वळव, एवढंच तर म्हणायचं. पण धीर होईना.

कारण मागे दुधाचं झालं होतं ना. गॅसवर दूध ठेवून भट्टीबाई खाली गप्पा मारायला गेल्या, पातेलं जळून कोळसा, खोलीभर धूर, शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं. मुलगा आला, पातेलं घासत बसला आणि मग म्हणाला, "आई, अजून एकदा असं झालं, तर खोली सोडायची आणि आमच्याकडे यायचं. मग वाद घालायचा नाही." तिनं कबूल केलं होतं. बेकरीच्या वरची ती खोली, तो गॅस, खालून हाक मारणारी माणसं. सुनेचा स्वभाव चांगला, कुणी नावं ठेवेल तर जीभ झडेल. पण तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की, "राहू द्या हो आई, मी करते." बसून खायचं, टीव्ही बघायचा. मेलेल्या माणसाला तरी याहून जास्त काम असेल!

'विझली असेल,' ती स्वतःलाच समजावत होती. 'एवढीशी तर होती.' पाय गार पडले होते, मोजे ओलेचिंब. ओढ्याकाठी पाय घसरला असेल कुठेतरी. तिनं पाय एकमेकांवर घासले आणि पुन्हा बाहेर बघितलं. वळणावर वनखात्याचा आगीच्या धोक्याचा फलक होता. त्याचा काटा पार लाल पट्ट्यात गेला होता.

"बाळा, गाडी वळव."

"काय राहिलं? चष्मा?"

"शेकोटी. मी विझवली नाही रे. राखेत दाबून आले. भट्टीसारखी."

सून खडबडून जागी झाली. मुलगा ओरडेल असं म्हातारीला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती गाडी वळवली.

परतीचा रस्ता संपता संपेना. पुढे ट्रकनं धुरळा उडवला की तिला धूर वाटायचा. श्वासागणिक जळकट वास यायचा. देवा, खोली गेली तर गेली, पण ते बाळ! फाटकावर मुलानं दोन शब्दांत सांगितलं, तसा वनरक्षकाचा चेहरा उतरला. पाण्याचा कॅन घेऊन, सामान सरकवून तो तिच्याशेजारी येऊन बसला. नियम सांगताना न थांबणारा माणूस आता अवाक्षर बोलत नव्हता, आणि त्यानं तर तिची पाचावर धारण बसली.

धूर कुठेच नव्हता. टोपडी अजून दोरीवर हलत होती. मुलगा धावत पुढे गेला आणि दगडांच्या गोलाशी जाऊन थबकला. वनरक्षकानं उकिडवं बसून उलटा हात धरला, मग बोटंच आत खुपसली. वर आला तो काळा चिखल.

"गारढोण!" तो म्हणाला. "अहो, अशी विझवलेली शेकोटी मी या मोसमात पाहिली नाही."

बाळाची आई तंबूतून बाहेर आली. "आजींनीच विझवली की! ओढ्यावरून पातेल्यानं पाणी आणत होत्या. मी म्हटलं, मदत करू का, तर म्हणाल्या, उलटा हात टेकवल्याशिवाय मी इथून हलायची नाही. बाळाशी किती वेळ बोलत होत्या."

मुलगा मोठ्यानं हसला. जीव भांड्यात पडला होता बिचाऱ्याचा. "काय घाबरवलंस गं आई! एवढं व्यवस्थित काम केलंस आणि उगाच धसका घेतलास. चल, तुझी खोली तुला लखलाभ."

म्हातारीही हसली. मग तिनं त्या बाळाच्या आईकडे नीट बघितलं. टोपडी आठवत होती. बाई बोललेली आठवत नव्हती, बाळाशी बोललेलं आठवत नव्हतं, पातेलं नाही, पाणी नाही. मनात कितीही चाचपलं तरी हाताला भट्टीच लागत होती, कोमट राख आणि तिच्यावर अलगद दाबलेला तळहात. तिनं खाली बघितलं. बुटांवर घोट्यापर्यंत काळा, ओला चिखल होता.

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. मुलगा तर खुशीत गाडीकडे निघालाच होता.

"थांब जरा," ती म्हणाली. पिशवीतून खोलीची किल्ली काढून तिनं त्याच्या हातात ठेवली.

"अगं, किल्ली कशाला? चूक झालीच नाही ना!"

"पाणी ओतल्याचं मला काहीच आठवत नाहीये रे," ती म्हणाली. सुनेनं पुढे होऊन तिचा हात धरला. "मला फार भीती वाटतेय."