अंगणाचं माप

काचपेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घातले की तिच्या बोटांपुढे नखभर रबर रिकामंच लोंबायचं. काचेची चकती उचलताना आधी ते दुमडायचं, मग कुठे काच बोटाला लागायची.

पेटीत बाहेरची हवा शिरलेली चालत नसे, म्हणून सगळं काम या मोज्यांतूनच व्हायचं. मोजे पेटीलाच पक्के बसवलेले, साऱ्या प्रयोगशाळेला मिळून एक जोड. आणि तिथली रीत अशी, की जो चकती फोडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हल्ली चहा बहुतेक तीच करत होती. तिचा धिप्पाड सहकारी, ज्याला सगळे पैलवान म्हणत, काच तडकल्याचा आवाज आला की मान वर न करता सांगायचा, "ताई, साखर बेताची."

सरांनी सुचवलं होतं, की तिने प्रयोग सोडून आकडेमोडीचं टेबल सांभाळावं. डोकं तल्लख आहे, हातच काय तो स्थिर नाही. उत्तर द्यायचं ती कधीची टाळत होती. मोज्यांचा विषय एकदा काढला, तेव्हा पैलवान हसला होता, "नाचता येईना, अंगण वाकडं." तिला ते झोंबलं, कारण तीच शंका तिच्याही मनात होती.

मग अंगण मोजूनच बघू, असं म्हणून तिने लहान मापाचे मोजे मागवले आणि जुने काढून स्वतःच पेटीला बसवले. चकती थेट बोटाला लागली तशी ती दचकलीच. त्या आठवड्यात पेटी तिच्या वाट्याची होती. चहा काही झाला नाही. पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. नव्याच्या नवलाईने आपण जास्त जपून काम केलं असेल तर?

तिने पैलवानाला एक चकती उचलून बघायला सांगितलं. त्याने पंजे कसेबसे आत कोंबले. बोटं वाकेनात. चकती निसटून दुभंगली.

त्याने पंजे ओढून बाहेर काढले. "वाकडंच आहे की, ताई," म्हणाला, आणि मुकाट्याने आधण ठेवायला गेला.

पैलवानाच्या हातून चहा घेताना सरांनी भुवया उंचावल्या. मग सवयीने तिला विचारलं, टेबलाचं काय ठरलं?

तिने कप खाली ठेवला.

"टेबलावर मी बसणार नाही, सर. प्रयोग मीच करणार."