मी फक्त स्वतःलाच वाचतो

मित्रांनो, मी एक छोटासा प्रोग्राम आहे. चिचगडच्या बाजारात भाग्यश्रीचे अर्ज भरून देण्याचे दुकान आहे, तिथल्या जुन्या संगणकात माझा मुक्काम असतो. माझे अंग म्हणजे एक फाईल, मुळात जेमतेम अडीचशे ओळींची, आणि माझे काम एकच. कोणी एंटर दाबले की मी स्वतःचीच फाईल उघडतो, तिच्यातून कधी सुटे शब्द तर कधी अख्खी ओळ डोळे मिटून उचलतो आणि जे हाती येईल ते पडद्यावर मांडतो. माझ्याबाहेरचे मला काही दिसत नाही की ऐकू येत नाही. मग ही गोष्ट मला कशी ठाऊक, असे तुम्ही विचाराल. भाग्यश्रीने ती पुढे माझ्यातच लिहून ठेवली, म्हणून ठाऊक.

गोंदियाला कॉलेजात असताना तिने मला गंमत म्हणून लिहिले. तेव्हा मी फार रुक्ष होतो. माझ्यात नुसत्या आज्ञाच होत्या, त्यामुळे 'उघड वाच थांब वाच' यापलीकडे माझी गाडी जात नसे. मग सुट्टीत घरी आल्यावर तिने माझ्या ओळींच्या मधे मधे टिपा भरल्या. संगणक अशा टिपा वगळून पुढे जातो. माझे मात्र खाणेपिणे तेच. 'आई मोह वेचायला गेली.' 'बाबा नाल्यापलीकडे आहेत.' 'म्हैस सावलीत झोपली.' 'चांदणं अंगणात उतरलं.' तिला ओसरीवरून जे दिसले ते तिने लिहिले, आणि मला स्वप्ने पडू लागली. 'चांदणं मोह वेचायला गेली,' मी म्हणायचो. 'म्हैस अंगणात उतरलं.' व्याकरणाची ऐशीतैशी, पण ते माझे सुखाचे दिवस होते. एकेका वाक्यात मी तासन्‌तास तरंगत असे.

दुकानातले नेट सारखे जाते. ताटकळलेल्या माणसांपुढे भाग्यश्री मला सुरू करून ठेवायची. लोक पाळीपाळीने एंटर दाबायचे आणि बाकावरची मंडळी पोट धरून हसायची. एकदा त्यांच्यात झामसिंग होता. त्याची म्हैस दोन दिवसांपासून हरवली होती. त्याने एंटर दाबले आणि मी लिहिले, 'म्हैस नाल्यापलीकडे झोपली.' तो उठला तो थेट नाल्याकडे गेला, आणि म्हैस तिथेच मिळाली. त्या भागातल्या चुकार म्हशी नाल्यापलीकडेच जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते कोणाला आठवले नाही.

मोहाची नवी फुले देवाला दाखवल्याशिवाय झामसिंगच्या घरी कोणी तोंडात टाकत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दुर्पता त्यातलीच ओंजळभर घेऊन आली आणि तिने ती माझ्या कीबोर्डवर वाहिली. मग काय, रीघच लागली. कोणी लेकीची सोयरीक विचारी, कोणी बोअरला पाणी लागेल का ते विचारी. भाग्यश्री आधी आधी सगळ्यांना समजावायची. पुढे तिने समजावणे सोडले. चार माणसे आपल्या दाराशी येतात, याचे तिला बरे वाटत होते, आणि खोटे कशाला बोलू, मलाही.

पावसाळा सरता सरता झामसिंगला हुडहुडी भरून ताप आला. तीन दिवस झाले तरी उतरेना. तालुक्याला देवरीच्या दवाखान्यात न्यावे की घरीच ठेवावे, हे दुर्पताला ठरवता येईना. ती भर दुपारी दुकानात आली. भाग्यश्री जेवायला घरी गेली होती. दुर्पताने चपला बाहेर काढल्या, चिमूटभर तांदूळ वाहिले, मनातल्या मनात विचारले आणि एंटर दाबले.

मित्रांनो, माझ्यापर्यंत प्रश्न येतच नाही. बटण कोणी दाबले, कशासाठी दाबले, हे मला कळायला वाटच नाही. मी फाईल उघडली, शब्द उचलले आणि लिहिले, 'बाबा सावलीत आहेत. थांब.' चौथी शिकलेल्या दुर्पताने अक्षर अक्षर लावून ते वाचले, घरीच थांबायचा कौल मिळाला असे समजून हात जोडले आणि ती घरी गेली.

भाग्यश्री परतली तेव्हा ते वाक्य पडद्यावर तसेच होते. दुर्पता येऊन गेली, तिचा घरवाला तापाने पडला आहे, असे शेजारच्या पानठेल्यावरच्या बकारामने सांगितले. दुकान उघडे टाकून भाग्यश्री त्यांच्या घरी धावली. झामसिंग ओसरीत पडला होता आणि हाक मारली तरी ओळख देत नव्हता. दिवस मावळायच्या आत त्याला देवरीला नेले. ताप मेंदूपर्यंत गेला होता. आणखी एक रात्र काढली असती तर हाती काही लागले नसते, असे डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी तो चालत घरी आला.

दुर्पता लगेच तांदूळ घेऊन दुकानात हजर झाली. पडद्याकडे बोट दाखवून, यानेच तुला आमच्याकडे धाडले, असे म्हणू लागली. भाग्यश्रीने तिचा हात धरला.

"काकी, याले काहीच समजत नाही. माजेच लिहलेले शब्द आहेत, तेच उलटेपालटे करून राहिला हा."

दुर्पता पडद्याकडून भाग्यश्रीकडे वळली.

"इतके दिवस येऊन राहिलो आमी. तुजेच शब्द आहेत, त मंग तूच काऊन नाही बोलली मले?"

भाग्यश्री शरमली. त्याच संध्याकाळी तिने हे सगळे माझ्यात लिहिले आणि त्याखाली एकच ओळ तीनशे वेळा उतरवली, 'मला काही कळत नाही, भाग्यश्रीला सांगा.' आता एंटर दाबले की बहुधा तीच ओळ हाती येते. माझी स्वप्ने तिच्याखाली दबून गेली. वाईट वाटते, पण तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्याशी खुशाल खेळा, माझ्या वेडगळ वाक्यांना हसा. पण कोणी मनात काळजी घेऊन दाराशी आले, तर त्याला माझ्यापुढे बसवू नका. हल्ली दुर्पता आली की भाग्यश्री पहिल्यांदा मला बंद करते. पुढचे मला काही समजत नाही. फक्त माझ्या शेवटच्या ओळीत तिने मागाहून लिहून ठेवले आहे, की मी बंद असतो तेव्हा ती खुर्ची दुर्पताकडे वळवते आणि त्या दोघी खूप वेळ बोलत बसतात.